शीतलचं जॅकेट माझ्या मांडीवर होतं

प्रिय आत्या,

उद्या अकरा वाजता मला कॉलेजात बोलायचं आहे. आमच्या समाजकार्य विभागाची पुढची तुकडी आठ दिवसांनी नेपाळला निघतेय. सर म्हणाले, "वैशाली, तू जाऊन आलीस, जरा हुरूप दे सगळ्यांना." तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. कुणाला सांगू? तू देवाघरी जाऊन वर्ष होईल आता, तरी तुलाच सांगावंसं वाटतं.

किती भित्री होतीस गं तू! दहावीत आमची सहल नळगंगा धरणावर गेली, तर शिलाईची कामं तशीच टाकून तू बसच्या मागच्या सीटवर येऊन बसलीस. दिवसभर काठावर माझी ओढणी मुठीत धरून! पोरी हसत होत्या. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तरी घरी आल्यावर मी म्हटलं, "तुह्यामुळं मले लाज वाटते." मग आठ दिवस अबोला. तू एक थोबाडीत का नाही दिलीस?

नेपाळात डोंगरावरच्या एका शाळेच्या भिंती आम्ही रंगवल्या, पोरांसाठी हात धुवायचे नळ बसवले. हातांना फोड आले. मधल्या शनिवारी सुट्टी मिळाली, तेव्हा सगळे खाली तळ्यावर गेलो. मी गवतावर आडवी झाले. अंगावर कोवळं ऊन, समोर बर्फाचे डोंगर. तू गेल्यापासून इतकं शांत वाटलंच नव्हतं!

शीतल माझ्या खोलीत राहते, संग्रामपूरची आहे. तिनं होडी ठरवली.

"चाल ना बे! काऊन भिऊन राह्यली?"

"डोकं दुखते," मी खोटंच सांगितलं.

तिनं अंगातलं लाइफ जॅकेट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "लय वास मारते. फोटोत बी चांगलं नाही दिसत."

तिला पोहता येत नाही, हे मला ठाऊक होतं. 'घाल ते' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तुझी ती मूठ आठवली, पोरींचं हसणं आठवलं, आणि मी गप्प बसले. दोन मैत्रिणी आणि होडीवाला यांच्यासोबत ती गेली.

थोड्या वेळानं वारा सुटला. डोंगरावरून ढग उतरला आणि बघता बघता तळंच दिसेनासं झालं. मी हाका मारत सुटले. काठावरच्या चहावाल्या बाईला माझी भाषा कळेना. मग तिची नजर माझ्या हातातल्या जॅकेटवर गेली आणि ती धावतच दुसऱ्या होडीवाल्यांकडे गेली.

मी गुडघाभर पाण्यात उभी होते, आत्या. पुढे जायची हिंमत नव्हती, मागे फिरता येत नव्हतं. एकच विचार येत होता, शीतलच्या आईला फोन कोण करणार? जॅकेट माझ्याजवळ होतं, हे मी कसं सांगणार?

तासाभरानं त्यांना आणलं. होडी कलंडली होती. जॅकेट घातलेल्या दोघींनी शीतलला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते. माझ्या कुशीत थरथरत ती म्हणाली, "माह्या मायले सांगू नको, वैशू. मंग मले कुठीच जाऊ देनार नाही."

मी हो म्हटलं. सरांनीही 'सुखरूप आलो ना' म्हणून विषय मिटवला. त्या दिवसाबद्दल आम्ही कुणीच काही बोललो नाही.

काल नव्या तुकडीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, तिथं बोटिंग असते ना?" त्याच तळ्यावर जाणार आहेत गं ते! संध्याकाळी शीतलला म्हटलं, "उद्या मी सांगून टाकते."

"सांगशील तं माह्याशी बोलू नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सर रागावतील, मुलं हसतील. शीतल कदाचित खोली सोडून जाईल. त्या तळ्याइतकीच मला आता याचीही भीती वाटते. पण आत्या, मी सांगणार आहे. आवाज कापला तरी सांगणार. आणि शेवटी विचारणार, "पोहता कुणाकुणाला येत नाही? हात वर करा." पहिला हात माझा असेल. हा शब्द देते तुला.

तुझीच,
वैशू