धानाच्या खोलीतलं सातवं गाणं

बिरसी, ता. गोंदिया

प्रिय रुची,

तुझा निरोप काल दुपारी वाचला. ‘वहिनी, तुझं म्हणणं पोचलं, सातवं गाणं काढते आहे, अल्बम सहा गाण्यांचाच येईल शुक्रवारी, मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.’ वाचून आधी मी कपभर चहा केला, प्याले, आणि मग इतकी चिडले की उन्हाळी धानाचे पऱ्हे, रोपं किती वर आली ते बघायला म्हणून उगाच शेतातल्या बांधीपर्यंत जाऊन आले. त्या गाण्याचं बोलायचंच आहे, पण फोनवर नाही. फोनवर मी एक वाक्य बोलते आणि तू मधेच ‘थांब वहिनी, हे किती छान बोललीस’ म्हणून लिहून घेतेस, आणि माझं मुद्द्याचं राहून जातं. म्हणून कागदावर लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन. छान-बिन काही म्हणू नकोस, नुसतं पूर्ण वाच.

दिवाळीनंतर तू पुण्याहून आलीस तेव्हा आम्हाला वाटलं पोरगी आराम करायला आली. तू चप्पल काढायच्या आधी धानाच्या खोलीत शिरलीस आणि टाळ्या वाजवत फिरू लागलीस. तीन बाजूंनी छतापर्यंत पोत्यांची थप्पी, टाळीचा आवाज तिथल्या तिथे विरायचा. पुण्यात म्हणे असली मुकी खोली करायला लोक भिंतींना गाद्या ठोकतात, आणि इथे बाबांनी आयती रचून ठेवली आहे! तुझ्या आयुष्यातला पहिला अल्बम इथेच होणार, असं तू जाहीर केलंस. आम्हाला कोणी विचारलं? दुसऱ्या दिवसापासून पाण्याची मोटर बंद, मिक्सर बंद, कुकरच्या शिट्टीला बंदी. मी भात पातेल्यात शिजवू लागले. कोंबड्यावर डालं टाकलं. शेवटी आई अंगणातून ओरडल्या, ‘काऊन वं, घरात कोणी मेला का? सारे मुके होऊन काऊन बसले?’ तेवढ्या एका ओरडण्याने तुझं सकाळभराचं काम गेलं आणि तू माझ्याकडे बघून डोळे मोठे केलेस, जसं काही मीच ओरडले.

वर आपल्या बिरसीच्या विमानतळावरची ती शिकाऊ विमानं. एक गेलं की दुसरं, तीच गिरकी, तोच आवाज. तू तुझ्या दादांना विचारलंस, कोणाला सांगून थोडा वेळ बंद ठेवता येतील का? ते म्हणाले, ‘मी धान पिकवतो वं, विमान नाई.’ मला हसू आलं, पण तू खरंच उत्तराची वाट बघत होतीस. पोत्यांच्या धुळीने तुझा घसा खवखवायचा, मग हळदीचं दूध कोणी करायचं? गुळण्यांचं पाणी कोणी तापवायचं? सगळी कामं सोडून तुझ्या घशाची राखण करत होते मी.

आणि ते सकाळचं स्वप्नांचं खूळ! चहाचा कप हातात द्यायच्या आधी तुझा प्रश्न, रात्री काय दिसलं? बाबांना बांध फुटलेला दिसायचा, आणि ते स्वतः त्या खिंडारात पाठ लावून बसलेले. आईंना त्यांची मेलेली म्हैस पाहुणी म्हणून आलेली दिसली, त्यांनी तिला बसायला पाट दिला. तुझे दादा म्हणाले, ‘मी थकून झोपतो, सपन पाहाले टाइम नाई भेटत.’ तू त्याचंही गाणं केलंस. चिडून लिहिते आहे तरी एवढं कबूल करते की गाणी मला फार आवडली. तुझा आवाज एकावर एक तीनदा ठेवलेला, मागे ती लांबवलेली पेटी, ऐकताना जागं आहोत की नाही तेच कळत नाही. म्हशीचं गाणं ऐकून आई पदर तोंडाला लावून रडल्या आणि लगेच म्हणाल्या, ‘पुन्हा लाव.’ मला विचारलंस तेव्हा मी, आपल्याला स्वप्न-बिप्न काही पडत नाही बाई, म्हणून मोकळी झाले. पडत होतं. पण सकाळी भाजी चिरताना सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

मग सरकारी धान खरेदी केंद्रावरून फोन आला की आपला नंबर लागला. पोती विकायला भरली होती, हे घरातला एकही माणूस धड लक्षात ठेवून नव्हता. बाबासुद्धा! शेतकऱ्याच्या घरात असला वेडेपणा मी माहेरी कधी पाहिला नाही. सहा गाणी झाली होती, सातवं राहिलं होतं, आणि तू ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभी. ‘बाबा, एकच गाणं!’ बाबा म्हणाले, ‘नंबर गेला का पुन्हा मागं लागा लागते बेटा,’ आणि मान खाली घालून स्वतः पोतं उचलू लागले. खोली रिकामी झाली. आत पाऊल टाकलं तरी माझ्या जोडव्यांचा आवाज छताला जाऊन परत यायचा. तू भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस की अल्बम संपला.

मी सांडलेलं धान झाडायला आले होते. तू तोंड वर न करता म्हणालीस, वहिनी, काहीतरी म्हण, किती घुमतं ते बघते. समोर माईक होता, मला दिसत होता. मी झाडता झाडता म्हटलं. गाणं मला येत नाही, स्वप्नात जे दिसायचं तेच तोंडात आलं.

पाण्यात झोपला गाव सारा, कोणी आवाज देत नाई,
चप्पल हाती धरून चालली, कुठी चालली सांगत नाई.

पुढे म्हटलं, नागऱ्याचं देऊळ मागे पडतं, माझ्या माहेराचा फाटा येतो, मी वळत नाही, पुढेच जाते. एवढं होतं तोवर आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘सूनबाई, दूध उतून रायलं!’ आणि मी झाडू टाकून पळाले. पातेलं करपलंच. परत आले तर तू रडत होतीस. हेच सातवं, म्हणालीस, झाडूच्या आवाजासकट, आईच्या हाकेसकट. मला ऐकवलंस आणि विचारलंस, ठेवू का? मी म्हटलं, ठेव. दारात उभी राहून, शुद्धीवर असताना म्हटलं.

तू गेल्यावर तुझ्या दादांनी तू पाठवलेलं ते गाणं शेतातून येताना मोबाइलवर ऐकलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. हात धुताना म्हणाले, ‘तू कुठी चालली होती?’ मी म्हटलं, अहो, झोपेत. म्हणाले, ‘झोपेतच. पण कुठी?’ काय सांगणार? मलाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, आणि त्याच्या पुढच्या दिवशी, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना म्हशीचं चालतं, बांधाचं चालतं, माझ्या चालण्याचं काय झालं? रुची, ते रागावलेले नव्हते. घाबरले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी कुठे जाईन अशी भीती त्यांना पहिल्यांदा वाटली, आणि खोटं कशाला सांगू, मला ते थोडं बरं वाटलं.

मग त्यांनी तुला फोन केला आणि सांगितलं की हर्षाला ते गाणं नको आहे. हे मला काल तुझ्या निरोपावरून कळलं. संध्याकाळी त्यांना विचारलं तर मान डोलावली. त्यांचं मी बघून घेईन. त्यांनी निदान मला तीनदा विचारलं तरी, कुठे चालली होतीस म्हणून. पण तू? गावभर फिरून म्हाताऱ्या-कोताऱ्यांची स्वप्नं विचारत होतीस, दादांनी झोपेत काय पाहिलं तेसुद्धा सोडलं नाहीस, आणि माझ्या आवाजाचं काय करायचं हे माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलंस. मला एक फोन करावासा वाटला नाही तुला? मी काही म्हणालेच नव्हते, रुची. गाणं जसं आहे तसं राहू दे. त्याच्याखाली कोणाची वहिनी, कोणाची सून असलं काही लिहू नकोस, माझं नाव लिही. हे पत्र तुझ्या दादांना वाचून दाखवलं आहे. ते गोठ्यात गेलेत, अजून आले नाहीत, पण थांबव असं म्हणाले नाहीत.

तुझीच,
हर्षा