जड हात, मऊ सुई

सॉनरहो, फानो बेट
६ मार्च १९९४

चि. एस्किल्ड यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, टपल्यांसकट. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, त्या नव्या रेकॉर्ड प्लेअरचं गुणगानच ते. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली की लग्न ठरलं तेव्हा बोडिलबद्दलसुद्धा ह्याने एवढं लिहिलं नव्हतं.

आता कामाचं. मे महिन्यात आई ऐंशीची होते. गावच्या सभागृहात केक, कॉफी आणि नाच ठरलाय. आणि मी सगळीकडे सांगून बसलेय की त्या दिवशी बाबांचं व्हायोलिन ऐकायला मिळणार. शाळेच्या मास्तरांनी गावच्या नाचाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण करून घेतलेल्या रेकॉर्डची आपल्याकडे एकच प्रत उरलीय, तीही स्टोव्हजवळ राहून काठाला वाकलेली. आमच्या यंत्रावर सुई काठावर टिकतच नाही. आपण दोघांनी जन्मभर ती सुरुवात सोडून मधूनच ऐकली. तुझं यंत्र एवढं थोर आहे, तर त्याने पहिल्यापासून वाजवून दाखवावं. रेकॉर्ड माझ्या दोन स्वेटरांत गुंडाळून पाठवतेय. स्वेटर परत हवेत.

आणखी एक. तू व्हायोलिन सोडलंस त्याला युगं लोटली, बाबाही गेले. निदान ऐकताना तरी तोंड वाकडं करू नकोस.

बोडिलला गोड पापा. माया आहे तेवढी असू दे.

तुझी ताई,
मार्ना

ऑर्हूस
२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वेटर सुखरूप आहेत. बाकी काहीच सुखरूप नाही.

तबकडीवर फिरणारा दांडा, यंत्राचा हातच तो, म्हणजे टोनआर्म, आणि त्याच्या टोकाशी सुई धरणारं इवलंसं डबडं म्हणजे कार्ट्रिज. मी दोन्ही नावाजलेलीच घेतली. आमच्या रेकॉर्डशौकिनांच्या क्लबातले लोक येऊन नुसते बघत उभे राहतात. बाबांची रेकॉर्ड लावली आणि सुई अशी उडाली की बोडिलची कॉफी सांडली. स्पीकरचे पडदे धाप लागल्यासारखे आतबाहेर होतात. मी आधी बोडिलच्या चालण्याला दोष दिला, मग लाकडी जमिनीला, मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याला. तुमचं जुनं खोकं बरं म्हणायची वेळ आलीय, पण हे कुणाला सांगू नकोस.

तोंड वाकडं करत नाही गं. तुला कधी सांगितलं नाही, पण बाबा एकदा बोटीवरून सुट्टीला आले होते, तेव्हा मी मागच्या खोलीत वाजवत होतो. ते दारात उभे राहिले, शेवटपर्यंत ऐकलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. बेटावरच्या सगळ्यात चांगल्या वादकाला माझं वाजवणं बोलण्याच्याही लायकीचं वाटलं नाही, असं मी धरून चाललो. व्हायोलिन पेटीत गेलं ते कायमचं. राग नाही. फक्त आज सुई उडाली तेव्हा वाटलं, बाबा मला अजून जवळ येऊ देत नाहीत.

आईला नमस्कार. लोभ असावा, आणि जमल्यास थोडा धीरही.

तुझा,
एस्किल्ड

सॉनरहो
२ एप्रिल

चि. एस्किल्ड यास आशीर्वाद. वि. वि.

धीर संपला. बेकरीत केक सांगून झालेत आणि जो भेटतो तो हसून विचारतो, तुझ्या बाबांचं, आंकरचं व्हायोलिन कधी ऐकवतेस? तुझं ते दाराचं मात्र मी दोनदा वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं रे.

आईचं काही कळत नाही. ती म्हणते, पोराला छळू नका, दुसरी कुठलीही रेकॉर्ड लावा. अशी मोडता घालणारी ती नव्हे. तिला ऐकताना त्रास होईल असं वाटत असेल. तू मात्र मागे हटू नकोस.

लोभ यंत्रापेक्षा माणसांवर ठेव.

मार्ना

ऑर्हूस
१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे बसून वाच.

बोडिल शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, हे मी घरी विसरतो. तिने मला विचारलं की या दोन वस्तू एकमेकींना बघून घेतल्यास की आपापलं नाव बघून. माझ्या कार्ट्रिजमध्ये सुई ज्या रबरावर तोललेली असते ते फार मऊ, आणि दांडा भरभक्कम. मऊ स्प्रिंगला जड ओझं बांधलं की ते संथ, मोठे झोके घेतं. वाकडी तबकडीही तशाच संथपणे खालीवर होते आणि त्या झोक्याला ढकलत राहते. मऊ सुईला हलका दांडाच हवा. एवढं साधं, आणि मी कुत्र्याला शिव्या घालत होतो. क्लबातल्या मित्राकडून हलका दांडा आणला, त्यावर माझंच कार्ट्रिज बसवलं, सुईचा भार जुळवला. सुई काठावर उतरली, तबकडीबरोबर वर गेली, खाली आली आणि टिकली.

ताई, व्हायोलिनच्या आधी बाबांचा आवाज आहे. बोटीच्या डेकवर हाक मारावी तसा. ते सांगतात की व्हायोलिन गावातला व्हिगो वाजवतोय, आणि मी, आंकर, पायाने ठेका देतोय. कुणीतरी हसतं आणि नाच सुरू होतो.

मी आधी पोट धरून हसलो. मग बोडिलने रुमाल आणून दिला. ज्यांच्यासारखं वाजवता येत नाही म्हणून मी सोडलं, त्यांना वाजवताच येत नव्हतं. आणि ठेकासुद्धा मागे पडतो, ताई, चांगला ऐकू येण्याइतका मागे.

आता काय करू? आईला ठाऊक होतं का? सगळ्या गावासमोर बाबांचं हसं व्हायला नको. म्हणशील तर काठ सोडून मधूनच लावतो. आईला यातलं कळू देऊ नकोस.

लोभ असू दे, आत्ता जरा जास्तच लागतोय.

एस्किल्ड

सॉनरहो
२३ एप्रिल

चि. एस्किल्ड यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मार्नाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला गुपित ठेवता येत नाही, हे तुला आता तरी कळावं.

गाव हसणार नाही. जुन्या माणसांना सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नवा होतास तेव्हा बढाई मारून आलास की माझे बाबा रेकॉर्डवर व्हायोलिन वाजवतात. बाबांना तुला खोटं पाडवेना, व्हिगोलाही पाडवेना. पुढे दोरखंडात यांच्या हाताचं बोट सापडून निकामी झालं, तेव्हा यांना मनातून बरंच वाटलं, कारण आता कुणी वाजव म्हणणार नव्हतं. मला कधी कुणी विचारलं नाही, मग मी गप्प राहिले. ते माझं चुकलं.

त्या दिवशी तुझ्या दारातून हे सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात आले. डोळे भरले होते. म्हणाले, एवढं चांगलं आपल्या घरात कुणी कधी वाजवलं नाही, मी अडाण्याने त्याला काय सांगायचं? मी म्हटलं, तेच सांगा. ते म्हणाले, उद्या सांगतो. उद्या बोट सुटली.

आणि ठेका मागे पडत नाही. रेकॉर्ड भरली त्या दिवशी नाचताना माझे नवे बूट चावत होते, पावलं उशिरा पडत होती. व्हिगो कुणासाठी थांबायचा नाही. तुझे बाबा माझ्या पायांकडे बघून ठेका देत होते.

मी पहिल्या रांगेत बसणार आहे. काठापासून लाव. माझा लोभ आहेच; तू आवाज मोठा ठेव.

तुझी,
आई