तंबोऱ्यावरची बोटं

जबलपूर. मंगळवार, संध्याकाळ

दीदींच्या भजनांच्या अल्बमचं कव्हर करून दिलं एकदाचं. फोटोत दीदी गाऊन राहिल्या आहेत आणि मागे आई तंबोरा घेऊन बसली आहे, इतकी वर्षं त्यांच्या साथीला बसते तशीच. फोटोसाठी मुद्दाम नवी हिरवी साडी नेसली होती.

दुपारी दीदींचा फोन आला. "भैया, आपकी मम्मी को हटा दो, बुरा मत मानना. पर तानपूरा रखना, उंगलियां भी. क्लासिकल लगता है."

क्लासिकल लगता है, म्हणे! आणि मी मुकाट्यानं कापलं. चेहरा गेला, हिरवी साडी गेली. दीदींच्या कानाजवळ उरला तंबोरा आणि त्यावर आईची बोटं. नाही म्हणता आलं नाही मला. काहून? वरून त्या बोटांवर उजेडही वाढवून दिला.

आत्ता आईला मोबाईलवर दाखवलं. वाटलं, आज तरी चिडेल. तिनं फोटो मोठा केला, सरकवत बोटांपर्यंत नेला आणि तिथंच पाहत राहिली.

"छान झालं रे. पण माझी नेलपॉलिश उडालेली दिसून राहिली. तेवढी नीट कर, दीदींचं कव्हर खराब नको दिसायला."