उंच लागलं तर सांगायचं

आई, चार दिवसांपूर्वी माझ्या दाढेवर सोन्याची टोपी बसली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या खुर्चीत तूच आठवलीस, आणि तुझा राग आला. धाकट्या बहिणीची दाढ आठवली. अडकित्ता शोधायचा कंटाळा म्हणून तिने सुपारी दातांनीच फोडायला घेतली आणि दाढेचा तुकडा हातात आला. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते, आठवा महिना होता. मुंबईहून बोटीने येणारा दातांचा डॉक्टर बंदराजवळच्या खोलीत बसायचा. परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणारी तू, पदर सावरत दाराशी उभी राहिलीस आणि पुढे काय काय होणार ते त्याला खोदून खोदून विचारलंस. टोपीसाठी आपल्या माळेतली सोन्याची पुतळीही काढून दिलीस. मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते.

घरी आल्यावर चुलीपाशी तिला जवळ घेऊन बसलीस. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडते आहे, माझ्याकडे तुझी पाठ आहे. "आधी दाढ चारी बाजूंनी घासून बारीक करतील हो. यंत्र पायानं चालवतात, घुरघुर होईल, करपल्यासारखा वास येईल. तो दाताचाच, भिऊ नको. मग ऊन मेण चावायला देतील, त्यावरनं साचा. टोपी येईपर्यंत त्या बाजूनं खायचं नाय, गार पाणी झोंबेल. बसवल्यावर दोन दिवस दुसऱ्या कुणाचा दात तोंडात आलाय असं वाटेल. पण चावताना उंच लागतच राहिलं तर सांगायचं. सोसत बसायचं नाय गो बाय."

धाकटी उठून गेल्यावर मी तुला विचारलं, "आई, बाळ होताना नेमकं काय होतं?" तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस. "सगळ्या बायकांचं होतं तेच. सोसायचं." एवढंच. तिची टोपी निसटून पडू दे, असं मी त्या दिवशी देवाजवळ मागितलं. पुढे कळा सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं, मी मरतेच आहे. तू माझा हात धरला होतास, पण बोलली नाहीस. तुला लाज वाटली असेल, तुलाही कुणी सांगितलं नसेल, हे आता कळतं. पण त्या वेळी झालेल्या माझ्या लेकीचं लग्न झालं, तरी धाकटीचा हेवा काही जात नाही.

दाढ घासायच्या दिवशी डॉक्टर मला समजावून सांगू लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "ठाऊक आहे मला. आमच्या आईनं सगळं सांगून ठेवलंय." ते हसून म्हणाले, "नशीबवान आहात." मीही मान डोलावली.

हे पत्र पेटीत ठेवून देते. टोपी उंच लागते आहे, आई. चौथा दिवस आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही.