डावीकडचा खालचा कोपरा

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तीच तक्रार! गेल्या वर्षीच्या आमच्या बेसबॉल गेमबद्दल खेळणाऱ्यांनी काय काय लिहिलंय, ते बॉसने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ‘तुमचा अंपायर माणूस आहे की फूटपट्टी?’ अंपायर माझा. म्हणजे, त्याचे निर्णय ठरवणारा प्रोग्राम मी लिहिते.

स्ट्राइक झोन म्हणजे हवेतली एक चौकट. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच, जमिनीवरच्या पांढऱ्या पाटीइतकी रुंद. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. गेममध्ये ही चौकट केसभरही हलत नाही. मैदानावर ती अंपायरच्या डोळ्यांत असते — आणि डोळे कुठे चौकोनी असतात?

“मला चुकणारा माणूस हवाय,” बॉस म्हणाला. “पण स्वतःच्या पद्धतीने चुकणारा.”

म्हटलं, आहे. माझा मोठा भाऊ. बावीस वर्षं अंपायर आहे.

गुरुवार, ६ मार्च

दादा आला, तोही इस्त्रीचा शर्ट घालून! भिंतीएवढ्या पडद्यावर चेंडू येतात, त्याने फक्त निर्णय द्यायचा. खुर्ची पुढे केली तर म्हणाला, “बसून निकाल द्यायला मी काय न्यायाधीश आहे?” दोन तास गुडघ्यांत वाकून उभा. त्याच्या “स्ट्राइक!”ने पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

लहानपणी मला भिंतीशी उभं करून गुडघ्याशी आणि छातीशी खडूने रेघा ओढायचा. हलले की खेकसायचा, “वाढू नकोस गं मधेच!” आज मागे उभी राहून त्याचं टक्कल बघत होते. हसू आलं. मग भरूनच आलं.

सोमवार, १० मार्च

तीन दिवसांत नऊशे चेंडू. प्रत्येकाचा एक ठिपका — स्ट्राइक लाल, बॉल निळा. दादाचा नकाशा काय सुंदर आहे! उजवीकडे जरा सैल. फलंदाज अडचणीत आला की चौकट आक्रसते, गोलंदाज अडचणीत आला की पसरते. दयाळू माणूस! मला आधीच ठाऊक होतं, पण ठिपक्यांत पहिल्यांदा दिसलं.

फक्त डावीकडे खाली लाल-निळं सगळं मिसळलंय. मूठभर तीळ-तांदूळ सांडावेत तसं.

बॉस नाचायचाच बाकी होता. “हीच तर गंमत! या कोपऱ्याला हात लावायचा नाही.” त्याने नावही दिलं : अंपायर सात.

मंगळवार, ११ मार्च

झोप नीट लागली नाही. लकब असती तर चूक एकाच बाजूला झुकली असती. हा तर नुसता अंदाज.

दादाला परत बोलावलं. त्या कोपऱ्यातले चाळीस चेंडू दाखवले, पण आवाज बंद करून. फलंदाजामागच्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याची ‘थाप’ नाही, म्हणजे कानांनी अंदाज बांधायची सोय नाही. चाळीसांतले एकवीस चुकले.

त्याला तिथलं दिसत नाही.

मान पुसत त्याने विचारलं, “काय गं, कसा आहे मी?”

“मस्त.”

“आणि डावीकडचं?”

“सगळ्यांचेच नकाशे कुठेतरी वाकडे असतात, दादा. ती तुझी शैली.”

“नक्की?”

“मशीन कशाला खोटं बोलेल?”

हसला. दोन कप चहा प्यायला. जाताना डोक्यावर टपली मारून गेला.

तीस तारखेला हंगामाची अंतिम लढत आहे. पाटीमागे उभं राहायला दादाला निवडलंय, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते झालं की सांगेन. त्याच्यासाठी गप्प बसले म्हणावं, तर ते अर्धंच खरं. गेम चार एप्रिलला बाहेर पडतोय. हे दुखणं आहे असं मीच म्हटलं, तर अंपायर सात जाईल.

बुधवार, १९ मार्च

वहिनीला फोन केला. पडद्यांच्या कापडाबद्दल वीस मिनिटं बोललो. ठेवला.

रविवार, ३० मार्च

अंतिम लढत. शेवटचा फलंदाज, शेवटचा चेंडू — डावीकडे, खाली. मी डोळे मिटले. दादाची आरोळी ऐकली, “स्ट्राइक!” तिसरा स्ट्राइक, फलंदाज बाद, संपलं सगळं. तो फलंदाज बॅट खांद्यावरून न काढता तसाच उभा. घरी येऊन चित्रण पाहिलं. चेंडू वीतभर बाहेर होता.

“आंधळा आहेस का रे!” माझ्या मागचा एक जण ओरडत होता. अंपायरला हे रोजचंच. दादा नेहमी म्हणतो, “त्यांना तरी कुठे धड दिसतं?” आजही तेच म्हणाला. गाडीत सगळे हसले.

आज सांगायचं होतं. त्याने पदक वहिनीच्या गळ्यात घातलं होतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

गेम आला. लोक अंपायर सातवर फिदा! ‘खालच्या कोपऱ्यात टाका आणि नशीब आजमावा.’ एकाने लिहिलंय, ‘हा माणूस नक्की कुठेतरी खराखुरा असणार.’ बॉसने केक आणला. माझ्याकडून कापवून घेतला.

सोमवार, ७ एप्रिल

दादा जिन्यावरून पडला. डावीकडे वळणारी शेवटची पायरी दिसलीच नाही. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला, उजवा अर्धा.

“गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी सांभाळायची,” डॉक्टर म्हणाले. “आधी कधी काही जाणवलं नाही?”

दादा म्हणाला, “नाही.” मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसले. सगळी वाचता आली. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

बाहेर आल्यावर एकटीने परत आत जाऊन विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? “सांगता येत नाही,” म्हणाले. तेवढंच धरून घरी आले.

बुधवार, ९ एप्रिल

दादाकडे गेले होते. तो आत झोपला होता. वहिनी त्याचा गणवेश घडी करून ठेवत होती. माझ्याकडे न बघता, अगदी साधेपणाने म्हणाली, “मी मागेच डॉक्टरांची वेळ घेतली होती. बारा मार्चची. यांनीच रद्द केली. म्हणाले, कशाला उगाच? कालच धाकटीने मशीनवर तपासलंय. नजर ठणठणीत आहे.”