स्पेक्ट्रोस्कोपीचं स्थळ

ग्योटिंगेन, ४ मार्च १८८४

चि. आडेलहाइड हिस थिओबाल्डचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या म्युनिकच्या उमेदवाराचं, त्या कोर्बिनियन लेश्नरचं, पत्र पोहोचलं. अक्षर बरं आहे. तुझ्या लेकीला, इर्मगार्डला, मागणी घालताना त्याने आपला उद्योगही कळवला आहे: स्पेक्ट्रोस्कोपी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

वडील लॅटिन शिकवायचे तेव्हा तू खिडकीबाहेर बघायचीस, म्हणून सांगतो. स्पेक्ट्रम हा शब्द लॅटिन. जे दिसतं ते, आभास, भूत म्हण हवं तर. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने अंधाऱ्या खोलीत लोलकातून ऊन सोडलं, भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला, त्याला त्याने हे नाव दिलं. इंग्रज असून त्याचं लॅटिन शुद्ध होतं. स्कोपी मात्र ग्रीक: निरखून पाहणं. कुणा अडाण्याने आपल्या काळात लॅटिन धडाला ग्रीक शेपूट शिवलं. गाढव आणि घोडी एकत्र आली की जे होतं ते. खेचर ओझं वाहतं, मान्य. त्याला कुणी दिवाणखान्यात घेत नाही.

मेव्हणे गेल्यावर कोर्टाने मला मुलीचा पालक नेमलं ते भुतं निरखणाऱ्याच्या गळ्यात तिला बांधण्यासाठी नव्हे. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत माझ्या सहीशिवाय लग्न होत नाही. सही मिळणार नाही.

बाकी क्षेम. स्वयंपाकीण फ्राउ ब्रुन्स अजून आईच्याच भांड्यातून सूप वाढते आणि अजून मीठ विसरते. लोभ आहेच, वाढवण्याची घाई नाही.

थिओबाल्ड


म्युनिक, ११ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

गाढव, घोडी, खेचर, भूत, सगळं आलं. कॅथलिक हा शब्द तेवढा राहिला. प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा ना तू? मग नाव घ्यायला एवढा का लाजतोस? मुलगा कॅथलिक आहे हे त्याच्या नावातच दिसतं. आपल्याकडे उत्तरेत कुणी पोराचं नाव कोर्बिनियन ठेवत नाही.

आता तुझ्या भुताची गोष्ट माझ्याकडून ऐक. परवा त्याने आम्हा दोघींना प्रयोगशाळेत नेलं. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं आणि मला नळीला डोळा लावायला सांगितलं. काळोखात एक पिवळी रेघ. मग नळी उन्हाकडे वळवली. रंगांच्या पट्ट्यात त्याच जागी काळी रेघ. या काळ्या रेघा इथल्याच एका काच करणाऱ्याने, ओस पडलेल्या मठात बसून, सत्तर वर्षांपूर्वी रेखून ठेवल्या. त्यांचा अर्थ पुढे हायडेलबर्गच्या दोघा प्राध्यापकांनी लावला. जे मिठात आहे तेच सूर्याभोवती आहे. दादा, सूर्याला मीठ पोहोचलं. तुझ्या सूपाला नाही.

जूनमध्ये कोर्बिनियन समुद्रापारच्या वेधशाळेत तीन वर्षांसाठी निघतो. इर्मगार्ड एकवीसची होते पुढच्या वर्षी नोव्हेंबरात. जहाज तेवढं थांबत नाही. ती हल्ली जेवताना बोलत नाही. तुझ्या शब्दकोशात याला काही नाव असेल तर कळव.

रागावलेली असूनही तुझीच,
आडेलहाइड


ग्योटिंगेन, २० मार्च

चि. आडेलहाइड हिस अ. आ.

कॅथलिक हा शब्द शुद्ध ग्रीक आहे. शब्दाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

शाळाखात्याने मला नव्या टर्मिनॉलॉजी समितीचा अध्यक्ष केलं आहे. शास्त्रांतल्या संज्ञा चाळून काढायच्या, संकर बाहेर टाकायचा. अशा माणसाने स्वतःच्या घरात संकराला पाट मांडला तर शहरातली पोरं हसतील. तरी मी अडेलतट्टू नाही. मार्ग सुचवतो. ग्रीकात भूत म्हणजे फास्मा. लेश्नरने आपल्या छापायच्या प्रबंधावर फास्माटोस्कोपी असं घालावं. दोन्ही अर्धी एका घरची झाली की मी सही करतो.

त्याचे सहकारी हसतील असं तू म्हणशील. ज्यांना हा शब्द चालतो त्यांच्या हसण्याची किंमत मला करता येत नाही. मिठाबद्दलचा शेरा फ्राउ ब्रुन्सला वाचून दाखवला. तिने दोष सूर्यावर ढकलला.

ही अट पुरी होईपर्यंतही आशीर्वाद चालू समजावेत.

थिओबाल्ड


म्युनिक, २ एप्रिल

ती. मामांस, सा. न. वि. वि.

कोर्बिनियनने तुमची अट मानली. त्याने कोऱ्या पानावर फास्माटोस्कोपी लिहिलं आणि आजारी माणसासारखा त्याकडे बघत बसला. ते पान मी फाडलं. हे छापलंस तर मामांची सही आली तरी मी येणार नाही, असं त्याला सांगितलं. आठवडाभरात तो पहिल्यांदा हसला. तेव्हा अट परत घ्या. ती इथे कुणाच्या उपयोगाची नाही.

मुलींना ग्रीक शिकवत नाहीत म्हणून तुम्ही मला सुटीत तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलंत. चुकले की पाव काढून घ्यायचात. मी फार चुकले नाही. टर्मिनुस लॅटिन: शेताच्या हद्दीचा दगड. लोगोस ग्रीक. मामा, तुम्ही टर्मिनॉलॉजी समितीचे अध्यक्ष आहात. खेचरावर बसून खेचरं हाकलताय. हे तुम्हाला दिसलं नाही याचंच मला वाईट वाटलं. माझा पाव यापेक्षा कमी चुकीसाठी गेला आहे.

सही दिली नाहीत तर मी थांबेन आणि एकवीस पूर्ण झाल्यावर एकटी जहाजात बसेन. एवढाच फरक. लग्न होईल. आपल्या रिवाजाप्रमाणे आदल्या संध्याकाळी दारात शुभ म्हणून भांडी फुटतील, आम्ही दोघं खापऱ्या झाडू. फक्त त्यांत तुमची एकही खापरी नसेल. ते मला नको आहे.

आलात तर चिनी मातीचं काहीतरी आणा. काच आणू नका. त्या संध्याकाळी काच फोडणं अशुभ, आणि आमचं पोट काचेवर आहे.

तुमच्या टेबलावरची जागा राखून ठेवाल ना?

इर्मगार्ड


ग्योटिंगेन, ६ मे

चि. इर्मगार्ड हिस अनेक आशीर्वाद.

सही सोबत आहे.

समितीचं नाव बदलण्याचा ठराव मी मांडला. सात सदस्यांनी सात नावं सुचवली, दोघांचं बोलणं बंद झालं, नाव तेच राहिलं. मूर्खांची सभा आहे. अध्यक्ष मीच आहे.

तुझ्या पत्रात एक मुद्दा सुटला. लॅटिन स्पेक आणि ग्रीक स्कोप मुळात एकच. भाषा वेगळ्या झाल्या तेव्हा अक्षरं जागा बदलून बसली. हिंदूंच्या संस्कृतातला पश्य हाही त्याच घरचा. सगळ्यांचा अर्थ पाहणं. हे मी तुला शिकवलं नव्हतं, म्हणून पाव कापत नाही. शब्द तरीही खेचरच आहे, असं तुझ्या लेश्नरला सांग.

पेटीत सहा ताटल्या आहेत. त्या फोड. आईचं सूपचं भांडंही फोडायला काढलं होतं. गवतात बांधताना झाकण हातात उलटं झालं. भांड्याच्या बुडावर कारखान्याची निशाणी आहे, झाकणावर नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी भांड्याचं आहे. आईने कधी बदललं कोण जाणे. मी जन्मभर त्यातून सूप खाल्लं. खिडकीत नेऊन दोन्ही शेजारी धरले. निळा रंग वेगळा आहे, उघड दिसतो. बसतं मात्र घट्ट.

ते फोडू नकोस. जहाजात बरोबर ने.

मी लग्नाला येतो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसेन आणि पाद्र्याचं लॅटिन ऐकेन. चुकला तर खाली मान घालेन. माझी जागा मीठदाणीजवळ ठेवावी.

मामा