समोरचा पाट

रविवार, १८ नोव्हेंबर १९३४
धुळ्याहून सावखेड्याला येईस्तोवर बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण घर पाहून शीण गेला. दोन खण, चूल, पुढे ओटा. उद्या शाळेवर रुजू व्हायचं. घरमालकीण धुरपदाबाई शेजारच्या खणात राहते, जेवते मात्र भाचीकडे. जेवताना दार लावून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. तिने भरीत नि कळण्याची भाकर आणून दिली, मीही आडवा हात मारला. कमल असती तर वाढता वाढता दोन टोमणे मारले असते. बायकोला फैजपूरला ठेवून आलो, हे काही बरं केलं नाही.

२३ नोव्हेंबर
एकट्याने जेवणं ही शिक्षाच. आमच्याकडे ताटावर बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्यालाही ‘या जेवायला’ म्हणतो, जाणारा ‘चालू द्या’ म्हणतो, आणि तेवढ्यानेही जेवण गोड लागतं. इथे दार बंद. आज न राहवून समोर पाट मांडला आणि रिकाम्या पाटाला म्हणालो, ‘या जेवायला.’ माझं मलाच हसू आलं. पुढचा घास छातीत अडकला, पाणी प्यालो तेव्हा उतरला. भराभर खायची खोड, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर
घास अडकणं रोजचंच झालंय. माझा अडकला की समोरच्या पाटावर कोणीतरी गिळल्याचा आवाज येतो. पाट उचलून माळ्यावर टाकला, तरी येतो. घरी पत्र टाकलं, कमलला धाडून द्या. फार एकटं वाटतं.

३ डिसेंबर
धुळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिली. अन्ननलिकेत काही दोष नाही म्हणाले. घरी येऊन पेज केली. ती नाकातोंडातून परत आली, आणि समोर कोणी तृप्तीचा ढेकर दिला.

५ डिसेंबर
धुरपदाबाईला सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. तिचा दीर अभिमन, कपड्यांच्या सोड्याचं जहाल पाणी चुकून प्यायला होता. अन्ननलिका भाजून आकसली. वर्षभर घरच्यांच्या ताटांकडे बघत बसायचा. त्याला कुठल्या तोंडाने जेवायला बोलवायचं, म्हणून सगळे दार लावून जेवू लागले. दाराबाहेरच गेला बिचारा, उपाशी.
ती म्हणाली, “मास्तर, तुम्हीनच तेले बलायं, तो उना. आते तो जावाव नही. जो तुम्हनाजोडे जेवी, तेना घास तोच खाई.”
म्हणजे मी बोलावलं म्हणून आलेला अभिमन आता जायचा नाही, माझ्यासोबत जेवेल त्याचाही घास तोच खाणार. माझ्या पंक्तीला आता कोणीच बसायचं नाही. कमलसुद्धा.

६ डिसेंबर
कमलला येऊ नको अशी तार, धुळ्याला निघालेल्या शाळेतल्या पंडितभाऊंच्या हाती. शाळेत जाऊन दूध प्यायलो. तिथेही आला. त्याची कीव येते — आणि भीती —

८ डिसेंबर
पाणी उतरत नाही. थुंकीही नाही. आवाज गेला. तो जेवतोच आहे — काय जेवतो —

१० डिसेंबर
दारात कमल. तार चुकली. कडी काढायची नव्हती — काढली. माणूस दिसलं — काय करू —

मला पाहून रडली. शिदोरी सोडतेय. तुमच्यासोबत जेवायचं म्हणून वाटेत तोंडात काही घातलं नाही म्हणते. नको म्हणून हात हलवतो, तिला वाटतं भूक लागली. हिसकवायला उठलो, पडलो —

मोठ्या अक्षरात — कमल जेवू नकोस — वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता कुठे येतं. मास्तराची बायको — शिकवीन शिकवीन म्हणत —

पहिला घास मला. गेला नाही. दुसरा तिने —

छातीवर हात. माझ्याकडे बघते आहे. समोर गिळल्याचा —

कमल पाणी मा